वाढपी नसलेली पंगत

प्रश्न : पुतण्याच्या साखरपुड्यासाठी बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडचे आम्ही सोळा जण पुढच्या महिन्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूरला जाणार आहोत. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्वांना एका पबमध्ये जेवायला न्यायचे, असे पुतण्याने ठरवले आहे. तेथे म्हणे वेटर बीअर आणून देत नाहीत. भिंतीवर नळ असतात, प्रत्येकाला एक कार्ड मिळते आणि ज्याने त्याने हवी तेवढी स्वतः भरून घ्यायची असते. आमच्यात नेहमी घेणारे पाच-सहा आणि कधीमधी घेणारे तीन-चार आहेत. बाकीचे, म्हणजे बहुतेक बायका, अजिबात न घेणारे आहेत. एक मामा माळकरी आहेत आणि धाकटी भाची १९ वर्षांची आहे. वडीलकीच्या नात्याने बिल मीच देणार आहे. कोणी किती घेतली हे कसे कळणार, एवढ्या माणसांच्या जेवणाचे कसे जमवायचे आणि मामांना अशा ठिकाणी न्यावे की नाही, याबद्दल मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : कोणी किती घेतली याची काळजी आपण करू नये, कारण अशा पबची सगळी यंत्रणा मोजमापावरच उभी असते. आत शिरताना वयाचा पुरावा पाहून प्रत्येकाला एक कार्ड किंवा मनगटात घालायचा पट्टा देतात आणि त्यात एक चिप असते. नळांच्या भिंतीसमोर उभे राहिले की प्रत्येक नळापाशी एक छोटा पडदा दिसतो. त्यावर बीअरचे नाव, तिच्यातील मद्याचे टक्के आणि दर लिहिलेला असतो. कार्ड टेकवले की नळ मोकळा होतो, दांडा ओढला की बीअर येते आणि नळामागच्या नळीत बसवलेले मीटर जितके मिलिलिटर मोजते, तितके त्या कार्डाच्या खात्यावर चढत जातात. समजा, १०० मिलिलिटरचा दर ८० रुपये असेल, तर ४०० मिलिलिटरचा ग्लास ३२० रुपयांना पडतो आणि कोणी नुसती चव पाहण्यासाठी ५० मिलिलिटर घेतली, तर तिचे ४० रुपये होतात. शेवटी कार्डागणिक हिशेब मिळतो. काही ठिकाणी कार्डात पैसे आधी भरावे लागतात आणि काही ठिकाणी बिल जाताना होते. आधी भरायचे असतील, तर उरलेली रक्कम परत मिळते की नाही हे पुतण्याला फोनवरच विचारून घ्यायला सांगावे.

अवघड आहे ते दुसरेच. हॉटेलच्या कामात मी बावीस वर्षे काढली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगते, की वेटर केवळ ग्लास आणून ठेवत नाही. दोन फेऱ्यांमधले अंतर तो राखतो, स्वयंपाकघरातून ताटल्या कधी निघतात हे पाहून मगच पुढच्या पेयाची विचारणा करतो, एखाद्या माणसाचा आवाज चढू लागला की त्याच्यापुढे न मागता पाणी ठेवतो आणि टेबलावर काहीही न घेता बसलेल्या बाईला निदान लिंबू-सोडा हवा आहे का, हे विचारायला विसरत नाही. आपल्याकडे बेळगावच्या आसपासच्या गावांत महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा एकेका घरी शे-दोनशे पाहुणे जेवून जातात आणि तरीही कोणाची आबाळ होत नाही, याचे कारण भावकीतला एखादा जाणता माणूस पंगतीत न बसता कडेला उभा असतो. कोणाच्या ताटातला रस्सा संपला, कोण पोट भरल्यावरही भिडेखातर घेत आहे, कोण मागायला लाजत आहे, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. नळांच्या पबमध्ये बीअरपुरता वाढपी नसतो आणि कडेला उभा राहणारा तो जाणता माणूसही नसतो. ते काम आपल्यापैकी दोघांवर बेळगावहून निघण्यापूर्वीच सोपवावे, हे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. त्यांतला एक न घेणारा असावा आणि दुसरा पुतण्या किंवा त्याचा मित्र, म्हणजे त्या जागेची माहिती असलेला असावा.

हे मी स्वतः पोळल्यावर शिकले. काही वर्षांपूर्वी सासरकडच्या अठरा जणांना घेऊन आम्ही बंगळुरातल्या अशाच एका ठिकाणी गेलो होतो. सोय म्हणून सगळ्यांत मिळून दोनच कार्डे घेतली आणि चूक तिथेच झाली. कार्ड या हातातून त्या हातात फिरू लागले आणि तासाभरात कोणी किती भरून घेतली याचा पत्ता कोणालाच राहिला नाही. कबाबांच्या ताटल्या आल्या तेव्हा निम्मी माणसे भिंतीपाशी उभी होती. ती परत येईपर्यंत कबाब गार झाले. माझ्या चुलत दिरांनी आधी गव्हाची हलकी बीअर घेतली होती. मग त्यांनी शेजारच्या नळावरची साडेसात टक्क्यांची बीअर तेवढ्याच मोठ्या ग्लासात, तेवढ्याच वेगाने घेतली, कारण पडद्यावरचा आकडा त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता. नऊ वाजता त्यांनी कपाळ टेबलावर टेकले, ते निघेपर्यंत उचलले नाही. सगळ्यांत जास्त मला लागले ते पुढे. बिलाचे अठरा सारखे भाग केले गेले आणि संध्याकाळभर एका लिंबू-सोड्यावर बसलेल्या माझ्या जाऊबाईंनी बीअरचे पैसे मुकाट्याने मोजले. पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडी पोळी वाढणे याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो पाप मानतात. जेवणाऱ्याचे पैसे न जेवणाऱ्याकडून घेणे हाही पंक्तिप्रपंचच आहे, असे मी त्या दिवसापासून मानते.

म्हणून ज्याला घ्यायची आहे त्याला स्वतंत्र कार्ड द्यावे आणि ते दुसऱ्याला देऊ नये. येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. ‘बहुतेक बायका अजिबात न घेणाऱ्या’ असे आपण लिहिले आहे, ते बहुधा खरेही असेल. पण कोणी घेणार आणि कोणी नाही, हे चारचौघांत मोठ्याने विचारू नये. कार्ड हवे असेल त्याने काउंटरवरून घ्यावे, इतकेच पुतण्याने सांगावे, म्हणजे जिला अर्धा ग्लास चाखून पाहावासा वाटतो तिलाही संकोच होणार नाही आणि जिला नको आहे तिला कारणे सांगत बसावे लागणार नाही. प्रत्येक कार्डावर किती मिलिलिटरपर्यंत बीअर मिळावी याची मर्यादा अनेक ठिकाणी ठरवलेली असते. ती संपली की नळ बंद होतो आणि तेथील माणूस समोरच्याची अवस्था पाहून मगच तो पुन्हा सुरू करतो. आपण यजमान आहात, तेव्हा आपल्या पाहुण्यांसाठी ही मर्यादा कमी ठेवता येईल का, हे आधी विचारून ठेवायला हरकत नाही.

जेवणाचे सांगायचे, तर सोळा जणांनी सोळा वेगवेगळे पदार्थ मागितले की पबच्या स्वयंपाकघराला ते एका वेळी देणे अशक्य होते, कारण पबचे स्वयंपाकघर बहुधा लहान असते आणि त्यात तळण, तंदूर आणि पिझ्झाची भट्टी यांवरच सगळा भार असतो. चार-चार जणांत मिळून खाता येतील असे पदार्थ दोन फेऱ्यांत मागवावेत आणि पहिली फेरी कार्डे हातात पडण्यापूर्वी, खुर्च्यांवर बसताक्षणीच सांगून टाकावी. पहिल्या फेरीत पोटाला आधार देणारे काही हवे, जसे पनीर, कबाब, अंडी, इडली फ्राय. नुसते शेंगदाणे आणि पापड यांवर बसू नये. खारट खाल्ल्याने तहान वाढते आणि ती तहान पाण्याऐवजी बीअरवर भागवली जाते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पोटात असले की जठरातून मद्य आतड्यात सावकाश उतरते, त्यामुळे चढण्याचा वेग कमी होतो. मद्य तेवढेच शरीरात जाते, हेही लक्षात ठेवावे. शाकाहारी पदार्थांची मागणी वेगळी सांगावी आणि त्या ताटल्या टेबलाच्या एका टोकाला ठेवायला सांगाव्यात; एकाच लांब टेबलावर गोबी मंचुरी आणि चिकन घी रोस्ट यांचे चमचे एकमेकांत गेले की माळकरी माणसाला हात आखडता घ्यावा लागतो आणि तो बोलून दाखवत नाही.

नळांपाशी सोळा जणांनी एकदम जाऊ नये. दोघा-तिघांनी जावे आणि बाकीच्यांनी टेबलावर बसून राहावे, म्हणजे टेबल ओस पडत नाही आणि न घेणारी माणसे पर्सा सांभाळत एकटी बसत नाहीत. पहिल्या खेपेला प्रत्येकाने वेगळ्या बीअरचे ५०-६० मिलिलिटर आणावेत आणि टेबलावर एकमेकांना चाखायला द्यावेत. गव्हाची बीअर, आयपीए नावाची कडवट बीअर, स्टाउट नावाची काळी बीअर यांतला फरक ज्यांनी आजवर केवळ बाटलीतली लागर, म्हणजे नेहमीची पिवळी बीअर, पाहिली आहे त्यांना यातूनच कळतो आणि नळांच्या पबचा खरा आनंद मला यातच वाटतो, कारण नेहमीच्या बारमध्ये न आवडलेल्या बीअरचा पूर्ण ग्लास संपवावा लागतो. मात्र टक्के वाचल्याशिवाय मोठा ग्लास भरू नये. आपल्या देशात ५ टक्क्यांपर्यंतची बीअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची तीव्र समजली जाते. तीव्र बीअर अर्ध्याच ग्लासात घ्यावी.

आग्रहाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिलेबीचा आग्रह आपल्या पाहुणचाराची शोभा आहे; बीअरचा आग्रह तसा नाही. ‘माझ्या कार्डावर घे’ असे म्हणून दुसऱ्याचा ग्लास भरून आणणे, ही अशा पबमध्ये आग्रहाची नवी रीत होऊन बसते आणि मग मोजमापाचा अर्थच संपतो. ज्या दोघांवर आपण लक्ष ठेवण्याचे काम सोपवाल, त्यांनी हे मात्र होऊ देऊ नये.

मामांना न्यावे की नाही, हे आपण ठरवू नये. त्यांनाच विचारावे आणि जागा कशी आहे ते सगळे सांगून विचारावे. भिंतीवर नळ असतील, शेजारच्या टेबलांवर सामिष असेल, वास येईल, गाण्यांचा आवाज असेल, हे आधी कळले तर त्यांना मन तयार करायला वेळ मिळतो. अनेक पबमध्ये फळांचे पेय, कोंबुचा (आंबवलेल्या चहाचे पेय) किंवा थंड कॉफी यांचेही नळ असतात, ते आहेत का हेही विचारून ठेवावे. ते येतो म्हणाले तर त्यांना नळांपासून दूरच्या टोकाला, बोलायला माणूस असेल अशा जागी बसवावे. नको म्हणाले तर पुन्हा एकदाही विचारू नये आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या सोळा जणांनी एखाद्या दर्शिनीत, म्हणजे बंगळूरकडच्या साध्या उपाहारगृहात, त्यांच्याबरोबर इडली-वडा आणि फिल्टर कॉफी घ्यावी. कुटुंबाचे एकत्र जेवण झाले पाहिजे, ही इच्छा तेथे पूर्ण होईल.

भाचीच्या बाबतीत मात्र सवलत नाही. कर्नाटकात मद्य देण्यासाठी २१ वर्षांची अट पाळली जाते. गोव्यात ती १८ आहे, महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे; तीन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या मुलांना त्यामुळे ‘तिकडे चालते’ असे म्हणायची सवय लागते. तिच्या हाती कोणाचेही कार्ड देऊ नये. काही पब संध्याकाळनंतर २१ वर्षांखालच्यांना आतच घेत नाहीत, तेव्हा जागा राखून ठेवतानाच तिचे वय सांगावे. भरल्या घरच्या माणसांसमोर मुलीला दारावरून परत फिरावे लागणे फार वाईट.

बिलात दोन गोष्टी पाहाव्यात. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही, म्हणून जीएसटी केवळ जेवणावर आणि मद्यविरहित पेयांवर लागलेला असला पाहिजे. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. बीअरवर राज्याचे कर वेगळे असतात. दुसरे म्हणजे सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ग्राहकावर सक्तीने किंवा आपोआप लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. ते बिलात आले असेल तर काढून टाकायला शांतपणे सांगावे आणि ज्या मुलांनी ताटल्या उचलल्या, पाणी आणले, त्यांच्या हातात आपल्या खुशीने पैसे द्यावेत.

प्रश्न : मागच्या महिन्यात मित्रांबरोबर अशाच पबमध्ये गेलो होतो. माझ्या ग्लासात दर वेळी अर्धा फेसच येत होता. तो ओतून टाकला तरी पैसे मात्र पूर्ण लागले. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : फसवणूक नाही, पण तुमचे नुकसान मात्र खरे आहे. मीटर नळाच्या आधी, नळीत बसवलेले असते. त्यातून बीअर पुढे गेली की ती मोजली जाते, मग ग्लासात तिचा फेस होवो किंवा न होवो. फेस म्हणजे बीअरच असते. तिच्यात दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड दाब एकदम कमी झाला, बीअर गरम झाली किंवा ती जोरात आपटली की बाहेर पडतो. ओतून टाकलेला फेस म्हणूनच विकत घेतलेली बीअर आहे.

बहुतेक माणसे घाबरून दांडा अर्धाच ओढतात आणि बिघडते ते तिथेच. अर्धवट उघडलेल्या नळाच्या अरुंद फटीतून बीअर घुसळून बाहेर येते आणि ग्लासात फेसच फेस होतो. दांडा एकदम पूर्ण ओढावा आणि बंद करतानाही एकदम बंद करावा. ग्लास आधी थंड पाण्याने विसळून घ्यावा. काही भिंतींपाशी त्यासाठी उलटा फवारा असतो. ग्लास सुमारे ४५ अंशांत तिरपा धरावा, धार त्याच्या आतल्या बाजूवर पडू द्यावी आणि निम्म्याहून थोडा अधिक भरला की तो हळूहळू सरळ करावा, म्हणजे वर बोटभर फेस राहतो. तेवढा फेस हवाच, कारण बीअरचा वास त्यातूनच नाकाला लागतो. नळाचे तोंड बीअरमध्ये बुडू देऊ नये. ते अस्वच्छ तर आहेच, शिवाय फेसही वाढतो. बर्फात गोठवलेला ग्लास दिसायला छान असतो, पण त्याच्या खरखरीत बर्फावर फेस अधिक होतो.

हे सगळे करूनही फेसच येत असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही. बीअरचे पिंप नुकतेच बदलले असेल, संपत आले असेल किंवा बराच वेळ न वापरलेल्या नळाच्या नळीतली बीअर तापली असेल, तर पहिले काही मिलिलिटर फेसाचेच येतात. अशा वेळी दांडा लगेच बंद करावा, ग्लास तसाच हातात ठेवावा आणि तेथील कर्मचाऱ्याला बोलावून दाखवावा. चांगल्या ठिकाणी तेवढी रक्कम तुमच्या कार्डाच्या हिशेबातून कमी करून देतात. ओतून टाकल्यावर मात्र दाखवायला काही उरत नाही.

प्रश्न : आम्ही बारा जण दोन गाड्यांनी गोव्याला जाणार आहोत. संध्याकाळी नळांच्या पबमध्ये जेवण करून चोर्ला घाटाने रात्रीच बेळगावला परतायचा विचार आहे. चालवणारे दोघे प्रत्येकी दोनच ग्लास घेतील. चालेल ना?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना गाडी चालवणे गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ५ टक्क्यांच्या बीअरच्या ३३० मिलिलिटरमध्ये सुमारे १३ ग्रॅम मद्य असते. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातले प्रमाण तेवढ्यानेच २७ मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते आणि ५५ किलोच्या स्त्रीच्या रक्तातले ४० च्या पुढे. तुमच्या चालकांचे ४०० मिलिलिटरचे दोन ग्लास म्हणजे याच्या जवळजवळ अडीचपट झाले. शरीर तासाला सरासरी ७ ते ८ ग्रॅमच मद्य निकाली काढते. लिंबू-पाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याने तोंड धुणे यांमुळे हा वेग वाढत नाही. शिवाय चोर्ला घाटात वळणे आहेत, पावसाळ्यात धुके असते आणि समोरून मालवाहू गाड्या येतात. रिकाम्या पोटी जागरण केलेल्या शुद्ध माणसालाही तो रस्ता रात्री सोपा नाही.

दोन्ही चालकांनी कार्ड घेऊच नये आणि त्यांचे जेवण बाकीच्या दहा जणांनी मिळून द्यावे, हे निघण्यापूर्वी ठरवून टाका. त्यांना तसे नको असेल तर गोव्यातच मुक्काम करा. मात्र पहाटे पाचला निघण्याचा बेत आखू नका, कारण रात्री आठ ते अकरा या वेळात ७ टक्क्यांच्या बीअरचे अर्ध्या लिटरचे तीन ग्लास घेतलेल्या ७० किलोच्या माणसाच्या रक्तात पहाटे पाचलाही कायद्याच्या मर्यादेहून अधिक मद्य असू शकते. पोटभर नाश्ता करून दहाच्या सुमारास निघालात, तरी दुपारच्या जेवणाला बेळगावात पोहोचता.